परीक्षा एका राज्याची, सनद दुसऱ्या राज्याची

रोजकीर्द आणि खतावणी ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या लिहिली गेली, त्या घरांतील मुलामुलींनी वाणिज्य शाखेकडे वळावे हे स्वाभाविकच आहे. कोणी सी. ए. होतो, कोणी बी. कॉम., एम. कॉम. करून पेढीवर बसतो. गेल्या काही वर्षांत मात्र या घरांतून आणखी तीन अक्षरे ऐकू येऊ लागली आहेत : सी. पी. ए. अर्थात ‘सर्टिफाइड पब्लिक अकाउंटंट’, अमेरिकेतील लेखापालाची सनद. विवाहानंतर तिकडे गेलेली वाणिज्य पदवीधर कन्या किंवा सून हाती वेळ आहे म्हणून अभ्यासास लागते. इकडे मुंबई-पुण्यातील कंपन्यांत अमेरिकी हिशेब पाहणारा तरुणही याच परीक्षेची तयारी करीत असतो.

परीक्षेचे चार भाग असतात. तीन उत्तीर्ण झाले, चौथा राहिला, आणि त्याच वेळी पतीची नोकरी न्यू जर्सीहून टेक्ससला गेली, असे घडण्यात नवल काही नाही. अमेरिकेत माणसे नोकरीमागे राज्ये ओलांडतातच. मग घरात प्रश्न उभा राहतो. न्यू जर्सीत मिळवलेले यश टेक्ससमध्ये धरले जाईल का, की पुन्हा पहिल्यापासून आरंभ? याचे उत्तर सर्वसाधारणपणे ‘धरले जाईल’ असेच आहे. पण त्या उत्तरामागे इतक्या अटी उभ्या आहेत की त्या न पाहता पाऊल टाकणाऱ्याचे काही शे डॉलर, आणि त्याहून मोलाचे एखादे वर्ष, सहज वाया जाते.

भारतातील माणसाला हा प्रश्न प्रथम ऐकताना चमत्कारिक वाटतो. आपल्याकडे सनदी लेखापालांची संस्था १९४९ च्या कायद्याने स्थापन झाली आणि ती साऱ्या देशासाठी एकच आहे. कोल्हापूरच्या सी. ए.ने गुवाहाटीच्या कंपनीच्या ताळेबंदावर स्वाक्षरी करावी, त्यासाठी त्याला आसाम सरकारची अनुमती लागत नाही. जवळची उपमा शोधायचीच तर ती वकिलांची आहे. वकिलाचे नाव राज्याच्या बार कौन्सिलच्या यादीत असते आणि १९६१ च्या अधिवक्ता कायद्याच्या अठराव्या कलमाने ते एका राज्याच्या यादीतून दुसऱ्या राज्याच्या यादीत नेता येते. अमेरिकेतील लेखापालाची स्थिती काहीशी अशी आहे, मात्र तेथे यादीत नाव येण्यापूर्वीच, म्हणजे परीक्षा चालू असतानाच, राज्याचा हात लागतो.

याचे मूळ तेथील राज्यघटनेत आहे. जे अधिकार घटनेने केंद्राकडे दिलेले नाहीत ते राज्यांचे, असे १७९१ ची दहावी घटनादुरुस्ती सांगते. वैद्य, वकील, लेखापाल यांना सनद देणे हा त्यामुळे राज्याचा विषय झाला. लेखापालांसाठीचा पहिला कायदा १८९६ च्या एप्रिल महिन्यात न्यूयॉर्क राज्याने केला आणि मग एकेक करीत इतर राज्यांनी तो मार्ग धरला. प्रत्येकाचे मंडळ वेगळे, प्रत्येकाची अट वेगळी आणि आरंभी तर प्रश्नपत्रिकाही वेगळी. १९१७ मध्ये समान परीक्षेचा प्रारंभ झाला व पुढे सर्व राज्यांनी ती स्वीकारली. प्रश्नपत्रिका एक झाली, पण सनद देणारे हात अनेकच राहिले. पन्नास राज्ये, राजधानीचा प्रदेश, पोर्तो रिको, ग्वाम, व्हर्जिन बेटे आणि उत्तर मारियाना बेटे अशी पंचावन्न मंडळे आज आहेत.

कामाची वाटणी नीट ध्यानी घेतली की पुढचे बरेच उलगडते. प्रश्नपत्रिका तयार करणे व तपासणे हे काम ए. आय. सी. पी. ए. या लेखापालांच्या राष्ट्रीय संस्थेचे. संगणकावर परीक्षा घेणारी केंद्रे प्रोमेट्रिक या कंपनीची. राज्य मंडळांचा जो संघ आहे, त्याचे नाव नॅसबा. १९०८ मध्ये स्थापन झालेला हा संघ अर्जदारांची नोंद ठेवतो, गुण मंडळांपर्यंत पोहोचवतो आणि अनेक राज्यांच्या वतीने अर्जही स्वीकारतो. पण परीक्षेस बसण्याची पात्रता ठरवणे, उत्तीर्ण भागाचे श्रेय देणे आणि शेवटी सनद देणे हे तीनही अधिकार राज्य मंडळाचेच. शंभरापैकी पंचाहत्तर टक्के बरोबर, असा येथील पंचाहत्तराचा अर्थ नाही. शून्य ते नव्याण्णवच्या मोजपट्टीवर ७५ ही उत्तीर्णतेची रेषा आहे आणि ती सर्वत्र सारखी आहे. म्हणून गुण राष्ट्राचे, श्रेय मात्र राज्याचे.

जुन्या पेढ्यांवरील मंडळींना हे हुंडीवरून चटकन समजेल. सोलापूरच्या पेढीने लिहिलेली हुंडी मुंबईत वटत असे, परंतु मुंबईच्या पेढीने ती सकारली तर. हुंडी खरी आहे की खोटी हा एक प्रश्न, आणि ती सकारावी की नाही हा दुसरा. टेक्ससचे मंडळ न्यू जर्सीच्या गुणांवर शंका घेत नाही. ते एवढेच पाहते की या उमेदवाराने आपल्या राज्याच्या अटी पूर्ण केल्या आहेत का, आणि उत्तीर्ण झालेले भाग आपल्या नियमाप्रमाणे अद्याप जिवंत आहेत का.

घर हलले म्हणून प्रकरण हलवावे का?

येथेच सर्वांत अधिक गैरसमज आढळतो. राज्य बदलले की लगेच परीक्षेचे प्रकरणही नव्या राज्यात न्यावे लागते, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः न्यू जर्सीच्या मंडळाकडे नाव असलेला उमेदवार टेक्ससमधील डॅलसच्या किंवा ह्यूस्टनच्या केंद्रावर बसून परीक्षा देऊ शकतो. केंद्र कोणत्या राज्यात आहे याचा मंडळाशी संबंध नसतो. त्यामुळे एकच भाग राहिला असेल, तर बहुधा शहाणपणाचा मार्ग हा की उरलेला भाग जुन्याच मंडळाकडे पूर्ण करावा आणि मग चारही भागांचे गुण एकत्रितपणे नव्या राज्याकडे पाठवून तेथे सनदेसाठी अर्ज करावा. असे केल्याने मधल्या काळात पात्रतेची पुन्हा तपासणी होत नाही आणि दोन मंडळांच्या पत्रव्यवहारात अडकून राहावे लागत नाही.

ज्यांचे दोन किंवा तीन भाग अद्याप शिल्लक आहेत, किंवा ज्यांना जुन्या राज्याची सनदेची अट कधीच पूर्ण होणार नाही असे दिसते, त्यांनी मध्येच प्रकरण हलवण्याचा विचार करावा. त्यासाठी नव्या मंडळाकडे नवा अर्ज करावा लागतो व त्यात आपण अन्य राज्यात काही भाग उत्तीर्ण झालो आहोत हे स्पष्ट नमूद करावे लागते. त्याबरोबर एक अधिकृत नमुना भरावयाचा असतो. या नमुन्यावर उमेदवार आपल्या परीक्षेची माहिती एका राज्याने दुसऱ्यास द्यावी अशी संमती देतो. जुने मंडळ, किंवा त्याच्या वतीने नॅसबा, त्यावर केव्हा कोणता भाग दिला आणि किती गुण मिळाले हे प्रमाणित करून नव्या मंडळाकडे थेट धाडते. उमेदवाराने छापून काढलेले निकालपत्र यासाठी चालत नाही. दोन्हीकडचे शुल्क वेगळे द्यावे लागते.

एक सावधगिरी याच टप्प्यावर हवी. परीक्षेस बसण्यासाठी जे अनुमतिपत्र मिळते, त्याला विशिष्ट मुदत असते. अनेक राज्यांत ती सहा महिन्यांची आहे. जुन्या राज्याचे असे पत्र हाती असताना त्याच भागासाठी नव्या राज्याचे पत्र मिळत नाही. जुने पत्र वापरावे लागते किंवा संपू द्यावे लागते, आणि एकदा भरलेले शुल्क सहसा परत येत नाही. म्हणून घर बदलण्याची कुणकुण लागताच चारही भागांचे पैसे एकदम भरून ठेवण्याची घाई करू नये. व्यापाऱ्याच्या घरात हे वेगळे सांगण्याची गरज नसावी, पण परीक्षेच्या उत्साहात हिशेबी माणसेही ही घाई करतात.

मुदतीचा काटा

चारही भाग एका ठरावीक काळात उत्तीर्ण व्हावे लागतात. तो काळ उलटला की सर्वांत जुना उत्तीर्ण भाग गळून पडतो आणि तो पुन्हा द्यावा लागतो. कित्येक वर्षे ही मुदत अठरा महिन्यांची होती आणि तिने अनेकांना रडवले. बाळंतपण, आईवडिलांचे आजारपण, व्हिसाची अनिश्चितता यांपैकी काहीही मध्ये आले की अठरा महिने हा हा म्हणता सरत. २०२३ मध्ये राज्य मंडळांच्या संघाने आपल्या आदर्श नियमावलीत ही मुदत तीस महिन्यांची केली आणि मोजणीचा आरंभ परीक्षेच्या दिवसाऐवजी निकाल जाहीर झाल्याच्या दिवसापासून धरला. बहुसंख्य राज्यांनी हा किंवा याच्या जवळचा बदल स्वीकारला. करोनाच्या काळात ज्यांचे भाग गळाले, त्यांना अनेक राज्यांनी जून २०२५ अखेरपर्यंत सवलतही दिली.

तथापि आदर्श नियमावली म्हणजे कायदा नव्हे. प्रत्येक राज्याने ती आपापल्या भाषेत, आपापल्या तारखेपासून लागू केली आहे. श्रेय हस्तांतरित होताना मुदत जुन्या राज्याच्या नियमाने मोजायची की नव्याच्या, हे ठरवणारे नवे मंडळच. एका राज्यात जिवंत असलेला भाग दुसऱ्या राज्याच्या मोजणीत मृत ठरू शकतो. हस्तांतराचा अर्ज करण्यापूर्वी नव्या मंडळाला पत्र लिहून आपल्या प्रत्येक भागाची अंतिम तारीख लेखी विचारून घेणे हा यावरचा साधा उपाय आहे. दूरध्वनीवरील तोंडी उत्तरावर विसंबू नये.

भागांची रचनाही जानेवारी २०२४ पासून बदलली आहे. लेखापरीक्षण, वित्तीय लेखांकन आणि कर व नियमन हे तीन भाग सर्वांना समान. चौथा भाग तीन विशेष विषयांपैकी आवडीचा. विशेष विषय कोणता निवडला यावर सनद अवलंबून नाही. प्रत्येक भाग चार तासांचा असतो.

पदवीचे माप

गुणांची हुंडी सकारली गेली तरी शिक्षणाचा प्रश्न उरतोच, आणि भारतातून गेलेल्यांची खरी दमछाक येथे होते. अमेरिकेत शिक्षण क्रेडिट तासांत मोजतात. चार वर्षांची पदवी म्हणजे साधारण १२० तास. सनदेसाठी आजवर बहुतेक सर्व राज्ये १५० तास मागत आली आहेत, परीक्षेस बसण्यासाठी मात्र अनेक राज्यांत १२० पुरतात. आपली तीन वर्षांची बी. कॉम. सामान्यतः नव्वद तासांची मानली जाते, तिच्यावर एम. कॉम. झाली तर दीडशेच्या आसपास पोहोचता येते. सी. ए.च्या अभ्यासक्रमास काही मूल्यमापक तास देतात. परंतु अमेरिकेने काही देशांच्या लेखापाल संस्थांशी जसे परस्पर मान्यतेचे करार केले आहेत, तसा आपल्या सनदी लेखापाल संस्थेशी नाही. त्यामुळे भारतात पंधरा वर्षे सी. ए. म्हणून नाव कमावलेल्या माणसालाही चारही भाग द्यावेच लागतात. हे ऐकून अनेकांच्या अभिमानाला धक्का बसतो. तो समजण्यासारखा आहे, पण त्याने नियम बदलत नाही.

परदेशी पदवीचे मूल्यमापन करणाऱ्या ठरावीक संस्था आहेत. कोणत्या संस्थेचा अहवाल ग्राह्य धरायचा ते प्रत्येक मंडळ ठरवते, आणि अहवाल बहुधा विशिष्ट राज्याच्या अटींच्या मापाने तयार झालेला असतो. म्हणून राज्य बदलले की तोच अहवाल पुढे करून भागत नाही. नवा अहवाल किंवा जुन्याचे नव्या राज्यासाठी रूपांतर करून घ्यावे लागते. एका ठिकाणी तीन वर्षांची पदवी पूर्ण पदवी म्हणून धरली गेली, म्हणून दुसऱ्या ठिकाणीही धरली जाईल असे नाही. शिवाय काही राज्यांच्या खास मागण्या असतात. टेक्ससला मंडळाने मान्य केलेला नीतिशास्त्राचा तीन तासांचा महाविद्यालयीन अभ्यासक्रम हवा असतो. न्यू जर्सीच्या विचाराने अभ्यास केलेल्या उमेदवाराजवळ तो असण्याचे कारण नाही. इलिनॉयमध्ये तर परीक्षेचे मंडळ वेगळे आणि सनद देणारे खाते वेगळे; पहिल्याकडून सर्व पूर्ण झाले तरी दुसऱ्याकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

या साऱ्या कागदांचा उगम मात्र आपल्या गावी आहे. मूल्यमापन संस्थांना विद्यापीठाने थेट पाठवलेली किंवा विद्यापीठाच्या शिक्क्याने बंद केलेल्या लिफाफ्यातील प्रमाणित गुणपत्रके हवी असतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात किंवा पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात जाऊन अर्ज करणे, शुल्क भरणे, लिफाफ्यावर संदर्भ क्रमांक घालून घेणे ही कामे परदेशातील मुलीला तेथून साधत नाहीत. ती वडिलांना, भावाला किंवा सासऱ्यांना करावी लागतात. ती एकदा करताना दोन-तीन जादा बंद प्रती काढून ठेवाव्यात. राज्य बदलण्याची वेळ आली तर पुन्हा तोच फेरा चुकतो. मुलगी अद्याप भारतातच असेल तर पदवी प्रमाणपत्र आणि गुणपत्रके यांचे हे काम विवाहापूर्वी उरकलेले उत्तम.

विवाहाचा उल्लेख आला म्हणून नावाविषयी. आपल्याकडे लग्नानंतर केवळ आडनाव बदलत नाही. वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव येते आणि काही घरांत मुलीचे स्वतःचे नावही बदलतात. जैन कुटुंबांत यात आणखी एक भर पडते : शाळेच्या दाखल्यावर कुळाचे वा गावाचे आडनाव, पारपत्रावर ‘जैन’, आणि पदवीवर तिसरेच काही. आपल्या समाजात कोणाला यात काही वावगे वाटत नाही. परीक्षा केंद्रावर मात्र अनुमतिपत्रावरील नाव आणि ओळखपत्रावरील नाव यांचा मेळ बसला नाही, तर उमेदवारास आत प्रवेश मिळत नाही, आणि त्या दिवसाचे शुल्क बुडते. दोन राज्यांत दोन नावांनी नोंद झाली तर श्रेय हस्तांतरात आणखी गोंधळ होतो, कारण जुन्या मंडळाने प्रमाणित केलेली व्यक्ती आणि नव्या मंडळाकडील अर्जदार एकच आहे हे आधी सिद्ध करावे लागते. विवाहाचे नोंदणी प्रमाणपत्र, नावबदलाचे राजपत्र आणि पारपत्र यांच्या प्रती एकत्र ठेवाव्यात. आणि परीक्षेचा पहिला भाग देण्यापूर्वी कोणते नाव यापुढे कायम वापरायचे ते घरात एकदा ठरवून टाकावे.

भारतात बसून परीक्षा देणाऱ्यांसाठी

अमेरिकेबाहेर ही परीक्षा देण्याची सोय २०११ मध्ये सुरू झाली, पण ती जपान आणि आखाती देशांत. भारतीय उमेदवार त्या काळी दुबईचे तिकीट काढीत. अलीकडे मुंबई, अहमदाबाद यांसारख्या शहरांत केंद्रे झाली आणि खर्च पुष्कळ उतरला. त्यासाठी मूळ शुल्कापेक्षा अधिक शुल्क पडते आणि सर्वच राज्ये या व्यवस्थेत सामील नाहीत. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की परदेशातील केंद्रावर परीक्षा देणारा उमेदवार चारही भाग उत्तीर्ण झाल्यापासून तीन वर्षांच्या आत सनद मिळवण्याची हमी लिहून देतो. शिकवणी वर्गांच्या जाहिरातींत ही अट बारीक अक्षरांत असते किंवा नसतेच.

राज्याची निवडही पुष्कळदा वर्गवालेच करतात, आणि ती ‘कोठे प्रवेश सोपा’ एवढ्याच कसोटीवर. नागरिकत्वाची किंवा अमेरिकी सामाजिक सुरक्षा क्रमांकाची अट नसलेले एखादे राज्य निवडले जाते, त्यात परीक्षा होते, पेढे वाटले जातात. दोन वर्षांनी त्या राज्याची अनुभवाची अट भारतातील नोकरीतून पूर्ण होत नाही असे कळते, किंवा मुलगा कॅलिफोर्नियात नोकरीस लागतो व तेथील मंडळ आणखी लेखा-विषयांचे तास मागते. मग श्रेय हलवण्याचा सारा खटाटोप सुरू होतो. निवड उलट दिशेने करावयास हवी. सनद कोठे लागणार, तेथे शिक्षणाची आणि अनुभवाची अट काय, आणि तेथील मंडळ परदेशी उमेदवाराला परीक्षेस बसू देते का, या क्रमाने विचार केला तर हस्तांतराची वेळ बहुधा येतच नाही. ज्यांना पुढे कोठे राहायचे हे ठाऊकच नाही, त्यांनी निदान १५० तासांची कसोटी पार करून ठेवावी, कारण ती जवळजवळ कोठेही चालते.

आणखी एक गोष्ट येथील वडीलधाऱ्यांच्या माहितीसाठी. अमेरिकेची ही सनद मिळाली तरी भारतात लेखापरीक्षणाच्या अहवालावर स्वाक्षरी करण्याचा अधिकार तिने मिळत नाही. तो सी. ए.चाच.

अनुभव, व्हिसा आणि स्वाक्षरी

परीक्षा आणि शिक्षण यांच्या जोडीला तिसरी अट अनुभवाची. सामान्यतः एक वर्षाचे, सुमारे दोन हजार तासांचे काम आणि त्यावर सनदधारक लेखापालाची साक्षांकित स्वाक्षरी मागितली जाते. पतीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या, म्हणजे एच-४ वर गेलेल्या पत्नीस स्वतंत्र कामाची परवानगी नसेल, तर तिला तेथे नोकरी करता येत नाही. सामाजिक सुरक्षा क्रमांकही सहसा मिळत नाही. परीक्षा ती देऊ शकते, अनुभव मात्र मिळवू शकत नाही. अशा मुलींपैकी काहींना भारतात लग्नापूर्वी केलेली नोकरी उपयोगी पडते. काही मंडळे परदेशातील अनुभव ग्राह्य धरतात, मात्र तो सनदधारक सी. पी. ए.ने प्रमाणित केलेला असावा लागतो. भारतातील ज्या कार्यालयात काम केले तेथे असा कोणी वरिष्ठ असेल, तर नोकरी सोडतानाच त्याच्याकडून कामाचे स्वरूप, तारखा आणि तास यांची लेखी नोंद घेऊन ठेवणे उचित. चार वर्षांनी तो वरिष्ठ दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो आणि त्याला शोधत बसावे लागते.

अनेक राज्ये सनदेपूर्वी नीतिनियमांची वेगळी परीक्षाही घेतात. ती घरबसल्या देता येते. तिचाही स्वीकार राज्यागणिक बदलतो, म्हणून जुन्या राज्यासाठी दिलेली नीतिपरीक्षा नव्या राज्यात चालेल असे गृहीत धरू नये.

येथवर जे सांगितले ते सनद मिळण्यापूर्वीच्या हस्तांतराविषयी. एकदा सनद हाती आली की वाट बरीच रुंद होते. एका राज्याची सनद असलेला लेखापाल जवळजवळ सर्व राज्यांत, तेथील वेगळी सनद न घेता, ग्राहकांचे काम करू शकतो. अट एवढीच की त्याच्या व्यवसायाचे मुख्य ठिकाण आपल्या राज्यातच असावे. मुख्य ठिकाणच बदलले, तर नव्या राज्यात परस्पर मान्यतेच्या मार्गाने सनद घ्यावी लागते. शिक्षणाचे माप किंचित कमी पडत असेल तरी मागील दहा वर्षांत चार वर्षे काम केलेल्यास अनेक राज्ये प्रवेश देतात. त्यामुळे ज्या राज्यात अटी पूर्ण होत आहेत तेथे आधी सनद पदरात पाडून घ्यावी आणि मग दुसरीकडे न्यावी, हा मार्ग अर्धवट श्रेये इकडून तिकडे नेण्यापेक्षा पुष्कळांना सुलभ पडतो.

दीडशे तासांची अट आता सैल होऊ लागली आहे. २०२५ च्या जानेवारीत ओहायो राज्याने कायदा करून पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव असा पर्यायी मार्ग मान्य केला. तो १ जानेवारी २०२६ पासून लागू ठरला. व्हर्जिनियानेही त्याच दिवसापासून तसेच केले आणि अन्य राज्येही या वाटेने निघाली आहेत. आपल्या बी. कॉम. पदवीधरांना यात लाभ होईल, पण त्यांची तीन वर्षांची पदवी पूर्ण पदवी म्हणून धरली गेली तरच. शिवाय ज्या राज्यांनी अद्याप हा मार्ग स्वीकारलेला नाही, तेथे सनद मागताना दीडशे तासांचा प्रश्न पूर्वीप्रमाणेच उभा राहील. अर्ज भरण्याच्या आठवड्यात संबंधित मंडळाचा ताजा नियम वाचून, त्याची दिनांकासह छापील प्रत आपल्या फाइलमध्ये लावून ठेवावी. पुढे मतभेद झाला तर तीच प्रत दाखवावी लागते.